उजवीकडेच चावतो

बेचाळीस दिवसांनी तारा काढल्या.
खेचराची लाथ बरोबर डाव्या कानापुढे बसली होती.
तेव्हापासून मी खेचराला पाणी देते,
पण नावाने हाक मारत नाही.

अर्गिरो, हॉस्पिटलातली पोर,
इसिदोरोसच्या तोंडापुढे आरसा धरते.
"उघडा."
हनुवटी सरळ खाली येत नाही,
मध्येच डावीकडे वळते,
रोजच्या वाटेने गोठ्याकडे वळणाऱ्या वासरासारखी.
दोन बोटं मावतात. तीन मावायला हवीत.

ती सगळं मला सांगते, त्याला नाही,
जणू तारांबरोबर त्याचे कानही बांधले होते.
म्हणते, हलतो तो खालचाच जबडा.
वरचा म्हणजे कवटीच, ती कुठे जाणार?
मला आमचं जातं आठवतं.
त्याची वरची तळी फिरते,
खालची थंड बसून राहते.
इथे उलटं.
आणि कानापुढची ती बिजागरीही दाराची नव्हे,
आधी फिरते, मग एका मऊ चकतीवर बसून
पुढे घसरते, आणि मुकाट माघारी येते.
आमच्या अंगणाचं दार तसं सरकलं असतं
तर आम्ही सुताराला शिव्या घातल्या असत्या.

"इथे हात ठेवा," अर्गिरो म्हणते.
मी त्याच्या दोन्ही कानशिलांवर तळवे ठेवते.
तो दात मिटतो.
उजव्या तळव्याखाली काहीतरी पसरट उठतं,
पंख्यासारखं, आणि परत निजतं.
डाव्याखाली नुसती थरथर.
एकतीस वर्षं एका टेबलावर जेवलो आम्ही,
तिथे काही हलतं हे मला माहीत नव्हतं.

गालावरचा तो जाडजूड स्नायू, त्याचं नाव
आमच्याच जुन्या भाषेतलं: चावणारा.
आणि आत, बोट पोचणार नाही तिथे,
आणखी दोघे, एकेका बाजूला एकेक.
डावा जबड्याला उजवीकडे ढकलतो,
उजवा डावीकडे.
"आमच्या घरातही असंच आहे," मी म्हटलं.
इसिदोरोस हसायला गेला
आणि कळवळून गाल धरून बसला.

मग तिने डबीतून खडा काढला,
आमच्याच झाडांचा, पिर्गीच्या उतारावरचा.
दूरच्या बाजारांत रूमी मस्तकी म्हणून विकतात तो.
उन्हाळ्यात आम्ही खोडाला चिरा देतो,
खाली पांढरी भुकटी अंथरतो,
आणि झाड जे गाळतं त्याला अश्रू म्हणतो.
"दिवसातून तीनदा. डावीकडे."

कागदावर तिने हनुवटीची वाट काढून दाखवली:
खाली, थोडी बाजूला, वर, आणि आत.
पुन्हा. पुन्हा. रेघेवर रेघ.
आकार बघून मी काही बोलले नाही.
झाडाखाली वाकून मी जन्मभर तेच वेचलं आहे.

खडा आधी फुटतो, कचकच भुगा होतो,
मग लाळेत गोळा होऊन येतो.
तो आरशात बघून चावत होता,
कुणी परका माणूस जेवताना बघावा तसा.
आणि सहा आठवडे पाटीवर लिहिणारा
(शेवटचं वाक्य: खेचर विकू नकोस, मार्केला)
तो बोलला. एकच शब्द.
"कडू."
"पहिली दोन मिनिटं," मी म्हटलं.

रात्री झोप लागत नव्हती.
स्वयंपाकघरात डब्याचं झाकण वाजलं.
जवाचे कडक टोस्ट. पाण्यात भिजवलेसुद्धा नाहीत.
अंधारात एक बारीक कट् आवाज, मग दळण,
कट्, दळण, मध्येच थांबून एक लांब श्वास.
मी डोळे मिटून पडून राहिले.
आवाजावरून कळत होतं,
उजवीकडेच चावतोय, लबाड.